कायदा झाला, आता चर्चचे काय? समलिंगी विवाह आणि पाळक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे निम्मे नातलग अहिल्यानगर आणि सोलापूरच्या मंडळ्यांत आहेत, उरलेले लंडन, टोरांटो, न्यू जर्सीकडे. घरगुती प्रार्थनासभा आटोपते, चहाचे कप फिरू लागतात आणि कुणीतरी आवाज खाली आणून विचारते, "तिकडे आता चर्चमध्येच तसली लग्नं लावतात म्हणे?" विचारणाऱ्यांत काळजीने विचारणारे असतात, रागाने विचारणारे असतात आणि ज्यांच्या घरातलाच हा प्रश्न आहे असे गप्प बसून नुसते ऐकणारेही असतात. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. बरीच वर्षे पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, काम केले आहे आणि निरनिराळ्या चर्चांचे ठराव मन लावून वाचले आहेत. जे पुन्हा पुन्हा विचारले जाते त्याची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. मुख्यतः त्या गप्प बसणाऱ्यांसाठी.

देशात समलिंगी विवाहाचा कायदा झाला की चर्चला अशी लग्ने लावावीच लागतात का?

नाही. ही भीती मला सगळ्यात जास्त ऐकू येते, म्हणून आधी तीच.

नेदरलँड्सने 2001 मध्ये सगळ्यांच्या आधी हा कायदा लागू केला. त्यानंतर तीसहून अधिक देशांनी केला. या कायद्यांनी बदलले ते सरकार कुणाच्या लग्नाची नोंद करते एवढेच. पाळक कुणाचे लग्न लावतो हा प्रश्न जवळपास सगळीकडे चर्चवर सोडलेला आहे.

इंग्लंड आणि वेल्सचा 2013 चा कायदा बघा. त्यात चार बंदोबस्त आहेत आणि तिकडे त्यांना चार कुलुपेच म्हणतात. पहिले, कोणत्याही धर्मसंस्थेवर किंवा एकट्या पाळकावर सक्ती नाही. दुसरे, एखाद्या प्रार्थनामंदिरात असे लग्न लावायचे तर त्या पंथाच्या वरिष्ठ मंडळाने आधी स्वतःहून होकार द्यायला हवा. तिसरे, नकार देणाऱ्या पाळकावर भेदभावाचा दावा लावता येऊ नये म्हणून समानतेच्या कायद्यातच दुरुस्ती केली. चौथे कुलूप मात्र वेगळेच आहे. चर्च ऑफ इंग्लंड आणि चर्च इन वेल्स यांना अशी लग्ने लावायला कायद्यानेच मनाई आहे.

हे चौथे कुलूप लोकांना चमत्कारिक वाटते, पण त्यामागे कारण आहे. चर्च ऑफ इंग्लंड हे राजमान्य चर्च. पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, राहणाऱ्या माणसाला, तो रविवारी उपासनेला येवो न येवो, तिथल्या चर्चमध्ये लग्न लावून घेण्याचा हक्क आहे. शिवाय त्या चर्चचे नियम देशाच्या कायद्याचाच भाग मानले जातात आणि त्यांतला बी 30 हा नियम सांगतो की विवाह एका पुरुषाचा आणि एका स्त्रीचा. चौथे कुलूप नसते तर एकाच देशाचे दोन कायदे एकमेकांसमोर उभे राहिले असते. क्वेकर आणि युनिटेरियन या पंथांनी मात्र आपणहून होकार दिला आणि आपली दारे उघडली.

अमेरिकेत 26 जून 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने ओबर्गेफेल खटल्याचा निकाल दिला आणि समलिंगी विवाह देशभर कायदेशीर झाला. धर्माच्या आधाराने या विवाहाला विरोध करणारे आपली शिकवण पुढेही देऊ शकतात, असे त्या निकालपत्रातच लिहिले आहे. मग "अमेरिकेत पाळकाला तुरुंगात टाकले" हा निरोप येतो कुठून? केंटकी राज्यात 2015 च्या सप्टेंबरमध्ये किम डेव्हिस या बाई पाच दिवस तुरुंगात होत्या, हे खरे. पण त्या पाळक नव्हत्या. त्या काउंटीच्या निवडून आलेल्या सरकारी अधिकारी होत्या. विवाहाचे परवाने देणे हेच त्यांचे काम होते आणि न्यायालयाने सांगूनही त्यांनी ते केले नाही. दोन गोष्टींची गल्लत करून पाळकांना घाबरवणे मला बरोबर वाटत नाही.

मग सक्ती कुठेच नाही?

डेन्मार्क थोडा वेगळा आहे. तिथल्या लोकचर्चबद्दल कायदे करण्याचा अधिकार संसदेला आहे, कारण त्या चर्चला स्वतःचे सिनड, म्हणजे निर्णय घेणारी प्रातिनिधिक सभा, नाही. 15 जून 2012 पासून तिथे चर्चमध्ये समलिंगी लग्ने लागू लागली. एकट्या पाळकाला सदसद्विवेकाच्या कारणाने नाही म्हणता येते. मात्र मग बिशपने दुसरा पाळक शोधून द्यायचा. एक माणूस बाजूला होऊ शकतो, चर्चचे दार मात्र बंद राहू शकत नाही.

स्वीडनमध्ये कायदा 2009 च्या मे महिन्यात लागू झाला आणि तिथल्या चर्चने ऑक्टोबरमध्ये 249 पैकी 176 मतांनी होकार दिला. पाळकाला तिथेही नकाराची मुभा आहे. शेजारच्या नॉर्वेत कायदा त्याच वर्षी आला, पण चर्चला लग्नविधी तयार करायला 2017 उजाडले. कायदा एका दिवसात बदलतो, उपासनेचे पुस्तक बदलायला वेळ लागतो.

चर्च ऑफ इंग्लंडने शेवटी काय ठरवले?

शेवट अजून झालेला नाही. मला ही हकीकत बारकाईने सांगावीशी वाटते, कारण चर्च कसे अडखळत चालते ते यात नीट दिसते.

2014 च्या मार्चअखेर इंग्लंडमध्ये नव्या कायद्याखाली पहिली समलिंगी लग्ने लागली. त्याच्या दीड महिना आधी बिशपांनी पत्रक काढले. सभासदांनी असे लग्न केले तर त्यांच्याशी प्रेमाने वागा, खाजगीत प्रार्थना करायला हरकत नाही, पण आशीर्वादाची उपासना घेऊ नका. आणि पाळकांनी स्वतः असे लग्न करायचे नाही. दीक्षा घेतलेल्यांना नोंदणीकृत भागीदारीची, म्हणजे लग्नाऐवजी नात्याच्या सरकारी नोंदीची, परवानगी 2005 पासूनच होती, पण शरीरसंबंध ठेवणार नाही या अटीवर. त्या अटीचे ओझे किती माणसांनी किती वर्षे वाहिले असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

पुढे काही वर्षे अभ्यासगट बसले. 2020 मध्ये जाडजूड अहवाल आला आणि मंडळ्यामंडळ्यांतून चर्चा झाल्या. 2023 च्या फेब्रुवारीत जनरल सिनडने ठराव केला: विवाहाची व्याख्या तीच राहील, पण समलिंगी जोडप्यांसाठी प्रार्थना करता येतील. मतांचे आकडे बोलके आहेत. बिशपांत 36 विरुद्ध 4, पाळकांत 111 विरुद्ध 85, सामान्य सभासदांत 103 विरुद्ध 92. म्हणजे वर जवळजवळ एकमत आणि बाकांवर बसणाऱ्यांत निम्मीनिम्मी फाळणी.

त्या प्रार्थना 17 डिसेंबर 2023 पासून सुरू झाल्या, पण नेहमीच्या उपासनेच्या आतच. फक्त त्या जोडप्यासाठी वेगळी उपासना ठेवायची का, यावर वाद चालू राहिला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये बिशपांनी सांगितले की वेगळ्या उपासनेला सिनडची पूर्ण प्रक्रिया लागेल, म्हणजे तिन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते. पाळकांच्या स्वतःच्या विवाहालाही कायद्यात बदल हवा. हे सगळे काम ज्यांनी काही काळ पुढे नेले त्या बिशप सारा मलाली यांचीच त्याच महिन्यात कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च धर्मगुरूपदी, निवड जाहीर झाली.

"आशीर्वाद" आणि "लग्न" यांत फरक तो काय? डोक्यावर हात ठेवला म्हणजे झालेच की.

विधीच्या दृष्टीने फरक मोठा आहे. लग्नात पाळक दोघांना प्रश्न विचारतो, दोघे वचन देतात, मंडळी साक्षीला असते, अंगठ्या होतात, पाळक "आता तुम्ही पतिपत्नी आहात" असे जाहीर करतो आणि शेवटी नोंद होते. आशीर्वादात यातले वचनही नाही आणि घोषणाही नाही.

पण डोळ्यांनी पाहणाऱ्याला काय दिसते? पहिल्याच रविवारी सफोकमधल्या फेलिक्सस्टो गावी सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये दोन महिला वेदीसमोर गुडघे टेकून बसल्या. दोघीही पाळक. समोर उभ्या असलेल्या पाळकाने दोघींच्या डोक्यांवर हात ठेवले आणि त्यांच्या प्रेमाबद्दल, मैत्रीबद्दल, एकमेकींशी असलेल्या निष्ठेबद्दल देवाचे आभार मानले. नेहमीची रविवारची उपासना होती, बाकांवर नेहमीचेच लोक होते. विरोधक म्हणाले, हे लग्नच आहे, नाव तेवढे बदलले. बाजूचे म्हणाले, एवढेच द्यायचे होते तर लग्न का नाही? मला दोन्ही तक्रारी समजतात. अर्ध्या वाटेवरची सोय कुणालाच पुरत नाही. तरीही, ज्यांना आजवर मागच्या बाकावर बसावे लागले त्यांना वेदीपाशी गुडघे टेकता आले, याला मी कमी म्हणणार नाही.

पोपने समलिंगी विवाहाला परवानगी दिली, असे व्हॉट्सॲपवर आले होते. खरे का?

नाही. 18 डिसेंबर 2023 ला व्हॅटिकनने "फिदुचिया सुप्लिकान्स" नावाचे पत्र काढले. त्यात म्हटले आहे की असे जोडपे आशीर्वाद मागायला आले तर फादर साधा आशीर्वाद देऊ शकतात. पण त्याचा ठरीव विधी नसावा, नोंदणी विवाहाच्या समारंभाला जोडून तो नसावा, लग्नाचे कपडे किंवा हावभाव नसावेत. विवाह फक्त स्त्री-पुरुषाचा, ही शिकवण त्याच पत्रात पुन्हा सांगितली आहे. गोंधळ वाढला तेव्हा जानेवारीत खुलासा आला की हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असेल. पाठोपाठ आफ्रिकेतल्या बिशपांनी एकत्र येऊन कळवले की आमच्याकडे असे आशीर्वाद दिले जाणार नाहीत, आणि रोमने ते चालवून घेतले.

तरी हा बदल लहान नाही. याच व्हॅटिकनने 2021 च्या मार्चमध्ये लेखी उत्तर दिले होते की अशा नात्याला आशीर्वाद देण्याचा अधिकार चर्चला नाहीच. अडीच-पावणेतीन वर्षांत एवढे अंतर कापले गेले. पोप फ्रान्सिस यांच्यानंतर आलेल्या पोप लिओ 14 वे यांनीही विवाहाची शिकवण बदललेली नाही.

कॅथलिक बहुसंख्य आयर्लंडने 22 मे 2015 ला सार्वमतातून 62 टक्के मतांनी समलिंगी विवाह स्वीकारला, तेव्हा डब्लिनचे आर्चबिशप डर्मिड मार्टिन यांनी लोकांना दोष दिला नाही. चर्चनेच वास्तवाकडे डोळे उघडून पाहिले पाहिजे, असे ते म्हणाले. हरल्यावर असे बोलणारा धर्मगुरू मला मोठा वाटतो.

पाळकाने नियम मोडून असे लग्न लावले तर काय होते?

हे पंथावर आणि वर्षावर अवलंबून असते. पण एक गोष्ट मी कधी विसरत नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या लेबनन गावी फ्रँक शेफर हे युनायटेड मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक होते. त्यांच्या मुलाने सांगितले, मी एका तरुणाशी लग्न करणार आहे, तुम्ही लावाल का? मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा ते कायदेशीर होते, पण मेथडिस्ट नियमांत पाळकाला सक्त मनाई होती. शेफर यांनी 2007 मध्ये तिकडे जाऊन ते लग्न लावले. त्याची जाहिरात केली नाही. सहा वर्षांची मुदत संपायला आली असताना त्यांच्याच मंडळीतल्या एकाने तक्रार केली. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये चर्चचे न्यायमंडळ बसले. आधी त्यांना तीस दिवस निलंबित केले आणि सांगितले की या मुदतीत ठरवा, यापुढे सगळे नियम पाळाल का? ते नाही म्हणाले. ख्रिसमसला आठवडाही उरला नव्हता तेव्हा त्यांची दीक्षा काढून घेतली. पुढच्या वर्षी अपिलात ती परत मिळाली. मागचे कृत्य आणि पुढचे वचन यांची एकत्र शिक्षा देता येत नाही, या मुद्द्यावर.

यात मुलाची बाजू जितकी आहे तितकीच बापाचीही आहे. कुठल्याही पाळकाला विचारा, स्वतःच्या लेकराचे लग्न लावणे हा त्याच्या आयुष्यातला केवढा दिवस असतो.

इंग्लंडमध्ये कॅनन जेरेमी पेम्बर्टन यांनी 2014 च्या एप्रिलमध्ये आपल्या जोडीदाराशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. तसे करणारे ते चर्च ऑफ इंग्लंडचे पहिले पाळक. स्थानिक बिशपांनी त्यांची सेवेची परवानगी काढली, त्यामुळे रुग्णालयातली धर्मगुरूची नोकरीही मिळाली नाही. ते लवादात गेले, मग अपिलात, आणि 2018 मध्ये अपील न्यायालयातही हरले. न्यायालयाने चर्चचा स्वतःचे नियम ठरवण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे कायद्याचे संरक्षण चर्चला मिळाले, पाळकाला नाही. "कायदा चर्चच्या मुळावर उठलाय" म्हणणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा.

यावरून चर्च फुटतात का?

फुटतात. फुटली आहेत. सगळ्यात मोठी फूट युनायटेड मेथडिस्टांत पडली. 2019 मध्ये सेंट लुइस शहरात खास परिषद भरली आणि अशा लग्नांवरची बंदी 438 विरुद्ध 384 मतांनी कायम राहिली, उलट कडक झाली. तेव्हाच बाहेर पडणाऱ्या मंडळ्यांसाठी वाट ठेवली: दोन तृतीयांश सभासदांचे मत, पेन्शनच्या देण्यातला वाटा आणि ठरावीक वर्गणी भरली तर इमारत घेऊन जा. 2023 अखेरपर्यंत अमेरिकेतल्या सुमारे 7,600 मंडळ्या त्या वाटेने गेल्या, म्हणजे एकूण मंडळ्यांच्या पावपट. बंदी हवी असणारे निघून गेले आणि 2024 मध्ये शार्लटच्या परिषदेत उरलेल्यांनी बंदीच काढून टाकली. जिंकलेले गेले, हरलेले राहिले.

ज्या गावात एकच मेथडिस्ट मंडळी होती तिथे हे मतदान कसे झाले असेल याची कल्पना करा. एकाच बाकावर तीस वर्षे बसलेली माणसे. आईच्या दफनविधीला जिने गीत म्हटले तिच्या विरोधात हात वर करायचा. आपल्याकडे कब्रस्तानाच्या भिंतीवरून कमिटी फुटते तेव्हा काय होते ते आपण पाहिले आहे. हे त्याहून खोल होते.

अँग्लिकनांत, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या जगभरच्या कुटुंबात, फूट देशादेशांमधली आहे. 1998 च्या लँबेथ परिषदेत जगभरच्या बिशपांनी 526 विरुद्ध 70 मतांनी ठरवले होते की समलिंगी संबंध पवित्र शास्त्राशी जुळत नाहीत. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चने 2015 मध्ये आणि स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने 2017 मध्ये लग्ने मान्य केली. इंग्लंडच्या 2023 च्या ठरावानंतर आफ्रिका-आशियातल्या काही प्रमुख आर्चबिशपांनी कँटरबरीच्या आर्चबिशपांना आपले नेते मानायचे नाकारले.

मान्यता देणारी चर्चे कोणती?

थोडक्यात सांगते. अमेरिकेत युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट, प्रेसबिटेरियन चर्च, एपिस्कोपल. कॅनडात युनायटेड चर्च. ब्रिटनमध्ये 2016 पासून युनायटेड रिफॉर्म्ड, 2021 मध्ये मेथडिस्ट (254 विरुद्ध 46 मतांनी), 2022 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड (274 विरुद्ध 136). फ्रान्सच्या संयुक्त प्रोटेस्टंट चर्चने 2015 मध्ये आशीर्वादाला होकार दिला. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, बहुतेक बाप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळ्यांचा नकार कायम आहे. ग्रीसने 2024 च्या फेब्रुवारीत कायदा केला तो तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या उघड विरोधात. आणि जिथे होकार आहे तिथेही जवळजवळ प्रत्येक ठरावात एक वाक्य आहेच: ज्या पाळकाला पटत नाही त्याच्यावर सक्ती नाही.

शास्त्रात स्पष्ट लिहिले असताना वाद कसला?

नकार देणारे बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायापासून सुरू करतात. पुरुष आईबापांना सोडून स्त्रीशी जडून राहतो आणि दोघे एकदेह होतात. प्रभू येशूने मत्तयाच्या 19 व्या अध्यायात याच शब्दांचा आधार घेतला. पुढे लेवीय 18 आणि रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आहे. हा युक्तिवाद द्वेषातून आलेला असतो असे मी म्हणणार नाही. मी ओळखते ती बरीच माणसे शास्त्राला भिऊन, मनापासून असे मानतात.

होकार देणारेही तेच शास्त्र उघडतात. ते म्हणतात, त्याच मत्तय 19 मध्ये घटस्फोटाबद्दल कडक शब्द आहेत, तरी आज कितीतरी प्रोटेस्टंट पाळक घटस्फोटितांची लग्ने लावतात. प्रेषितांची कृत्ये, दहावा अध्याय: देवाने शुद्ध केले त्याला अशुद्ध म्हणू नको, असे पेत्राला ऐकू येते आणि तो कर्नेल्याच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या एका रोमी अधिकाऱ्याच्या, घरी जातो. पौल ज्याबद्दल लिहितो ते रोमी जगातले शोषण होते, आजीवन निष्ठेचे नाते नव्हे, असेही ते मांडतात.

माझे मत विचाराल तर कर्नेल्याच्या उंबरठ्याने मला बदलले. पण त्यासाठी मला कित्येक वर्षे लागली, म्हणून दुसऱ्याला एका बैठकीत बदलायला मी सांगत नाही.

काही पाळकांनी सरकारी कागदावर सहीच करायची नाही असे ठरवले, हे काय प्रकरण?

अमेरिकेत पाळक लग्न लावतो तेव्हा तो एकाच वेळी देवाचा सेवक आणि सरकारचा नोंदणीदार असतो. 2014 च्या सुमारास काही सनातनी पाळकांनी जाहीर केले की विवाहाची व्याख्या बदलणाऱ्या सरकारसाठी आम्ही सही करणार नाही, नोंदणी तुम्ही कचेरीत करा. गंमत अशी की त्याच्या आधी काही उदार पाळकांनी उलट कारणाने तेच केले होते: जोवर सगळ्यांना लग्न करता येत नाही तोवर आम्ही कुणाच्याच कागदावर सही करणार नाही. फ्रान्समध्ये हा पेच येतच नाही, कारण तिथे आधी नगरपालिकेत लग्न, मग हवे तर चर्चमध्ये.

भारतातला पाळक असे लग्न लावू शकतो का?

कायदेशीर लग्न म्हणून नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सुप्रियो खटल्यात सांगितले की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि समलिंगी विवाहाबद्दल ठरवायचे ते संसदेने. 2018 मध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, तेवढेच. आपली लग्ने 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली होतात आणि पाळकाला लग्नाचा अधिकार त्याच कायद्यातून मिळतो. त्याची सगळी भाषा नवरा आणि नवरी धरून आहे.

गोव्यात पोर्तुगीज काळची नागरी संहिता चालते. पोर्तुगालने 2010 मध्ये समलिंगी विवाह मान्य केला, पण 1961 नंतर तिकडे झालेले बदल गोव्याला लागू होत नाहीत. म्हणून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेला गोंयकार लिस्बनला असे लग्न करू शकतो, मडगावात नाही.

आपल्या मराठी मंडळ्यांना याचे काय? ही तर गोऱ्यांची भानगड.

असे म्हणण्याआधी आपल्या चर्चच्या कोनशिला वाचाव्यात. 1813 मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन आले, पुढे अहमदनगर जिल्ह्यात गावोगाव मंडळ्या उभ्या राहिल्या. त्या मिशनचा वारसा आज युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टकडे आहे, आणि याच चर्चने 4 जुलै 2005 ला अटलांटात समान विवाहाच्या बाजूने ठराव केला, अमेरिकेतल्या मोठ्या पंथांत सगळ्यांच्या आधी. कोल्हापूर-मिरजेकडे आले ते अमेरिकन प्रेसबिटेरियन. त्यांच्या चर्चने 2015 मध्ये विवाहाची व्याख्या बदलली. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले ते स्कॉटलंडहून, आणि स्कॉटलंडचा 2022 चा ठराव वर आलाच आहे.

यातला एकही ठराव आपल्यावर बंधनकारक नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हापासून आपला सिनड आपला आहे. मेथडिस्ट चर्च इन इंडियाही 1981 पासून स्वायत्त आहे. पण ज्यांनी आपल्याला बाप्तिस्म्याचे पाणी आणि अक्षरओळख दिली ती माणसे पवित्र शास्त्र वाचूनच या ठिकाणी पोचली आहेत. त्यांना "भानगड" म्हणून झटकणे मला जमत नाही.

मुलीने परदेशात असे लग्न केले. पाळकसाहेब आमच्या घरी प्रार्थनेला आले तर त्यांनी नियम मोडला असे होते का?

नाही. घरी जाऊन केलेली प्रार्थना हा लग्नविधी नाही. इंग्लंडच्या बिशपांनी आशीर्वादाच्या उपासनेला मनाई केली तेव्हाही खाजगी प्रार्थना मोकळी ठेवली होती. आणि मुलीच्या लग्नाला गेले म्हणून आईबापांना प्रभुभोजन नाकारावे, असा नियम मी तरी कुठे वाचलेला नाही.

माझ्या मावशीची गोष्ट सांगते. तिच्या मुलीने टोरांटोत, युनायटेड चर्चमध्ये, आपल्या मैत्रिणीशी लग्न केले. मावशी गेली होती. परत आली तेव्हा फोटो तिने दाखवले नाहीत, पण बातमी लपली नाही. त्या डिसेंबरात कॅरल पार्टी नेहमीप्रमाणे गल्लीत आली. मावशीने गॅलरीत तारा लावला होता, करंज्यांचे ताट झाकून ठेवले होते, चहाचे आधण चढवले होते. ढोलकीचा आवाज शेजारच्या दारापर्यंत आला आणि मग पुढच्या गल्लीत गेला. ती रात्री बारापर्यंत दिवा लावून बसली होती. सकाळी तिने ते ताट कामवाल्या ताईंच्या पिशवीत रिकामे केले.

तिसऱ्या वर्षी नवे पाळक आले. पहिल्याच महिन्यात ते एकटेच घरी आले, चप्पल काढून सोफ्यावर बसले. प्रार्थनेआधी त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि विचारले, "मावशी, घरात कोणाकोणासाठी प्रार्थना करायची? नावं सांगा." तिने काकांचे सांगितले, मुलाचे सांगितले, सुनेचे सांगितले आणि थांबली. ते पेन धरून तसेच बसले होते. "आणि मुलगी?" त्यांनी विचारले. तिने मुलीचे नाव सांगितले. "आणि तिच्या घरी कोण असतं?"

मावशीने ते दुसरेही नाव सांगितले. तिकडचे नाव, म्हणून त्यांनी अक्षरे विचारून लिहून घेतले.